‘फॅदम’ : वाचावा कसा, समजावा कसा आणि मराठीत आणावा कसा

जुने इंग्रजी सागरी प्रवासवृत्तान्त, जहाजांच्या अपघातांचे अहवाल किंवा मासेमारीचे नियम वाचताना ‘फॅदम’ हा शब्द हटकून भेटतो. तोच शब्द एखाद्या कौटुंबिक कादंबरीत, समुद्राचा मागमूसही नसताना, क्रियापद होऊन पुन्हा समोर येतो. पहिल्या ठिकाणी तो लांबीचे आणि खोलीचे एकक असतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘उमगणे’ असा होतो. हे दोन शब्द योगायोगाने सारखे दिसतात असे नाही. एकाच हालचालीतून ते निघालेले आहेत. ती हालचाल नीट डोळ्यांसमोर आली, की शब्दाचा वापर चुकत नाही आणि भाषांतरही अडत नाही, असा माझा अनुभव आहे. मराठीला हा शब्द परका मानण्याचे खरे तर कारण नाही, आणि हे लिखाण मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी उच्चार. इंग्रजी लेखनात मधली दोन अक्षरे टी आणि एच अशी असल्यामुळे मराठीत ‘फॅथम’ असे लिहिलेले पुष्कळदा दिसते, पण ते बरोबर नाही. ‘मदर’ आणि ‘फादर’ या शब्दांत जे व्यंजन आहे तेच येथे आहे. म्हणून ‘फॅदम’ असेच लिहावे आणि बोलावे. आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि शेवटचे अक्षर हलके उच्चारले जाते.

आता ती हालचाल. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘दोन्ही बाजूंना पसरलेले हात’ किंवा ‘कवेत घेणे’ असा होता. डॅनिश भाषेत याच कुळातला शब्द आजही ‘मिठी’ आणि ‘फॅदम’ असे दोन्ही अर्थ सांभाळून आहे, तर जर्मन भाषेत त्याच कुळातल्या शब्दाचा आजचा अर्थ ‘धागा’ असा आहे आणि समुद्रावर तोही मापाचा शब्द होता. हात पसरले, की एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण माणसाच्या उंचीइतके भरते. म्हणून फॅदम सहा फुटांचा ठरला.

कोकणातल्या एका बंदरावर मी हे माप प्रत्यक्ष घेतले जाताना पाहिले आहे. एक वयस्क तांडेल नांगराची नवी दोरी मोजत होते. त्यांनी दोरीचे टोक डाव्या मुठीत धरले, उजवी मूठ दोरीवरून सरकवत हात पूर्ण बाजूला नेला आणि दोरी छातीवरून ताणली. मग उजव्या मुठीतली जागा डाव्या मुठीत दिली आणि उजवा हात पुन्हा बाजूला नेला. मोजलेली दोरी पायाशी वेटोळे होऊन पडत होती आणि तोंडाने ‘सात वाव, आठ वाव’ अशी मोजणी चालली होती. ‘काका, प्रत्येकाचा वाव वेगळा भरत असेल ना?’ असे मी विचारले. ‘भरतो की,’ ते मोजणी न चुकवता म्हणाले, ‘म्हणून ज्याची होडी त्यानंच दोरी मोजायची.’

‘वाव’ हाच फॅदमचा मराठी प्रतिशब्द आहे, आणि तो कोणी समितीत बसून घडवलेला नाही. त्याचे नाते संस्कृत ‘व्याम’ या शब्दाशी आहे आणि अमरकोशात व्यामाचा अर्थ नेमका हाच, म्हणजे आडव्या पसरलेल्या दोन हातांमधले अंतर, असा दिला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ८४ अंगुलांचा व्याम सांगितला असून तो दोरी आणि खणलेली जागा मोजण्यासाठी वापरावा असे म्हटले आहे. दोरी आणि खोली, म्हणजे इंग्रज खलाशाने फॅदम ज्या दोन कामांसाठी राखून ठेवला तीच ही दोन कामे आहेत. देशावर विहिरीची खोली ‘परसां’त सांगण्याची रीत होती, तेही माणसाच्या शरीरावरूनच घेतलेले माप, पण पाण्यावरचे माप मात्र वावच. हा शब्द आपल्या शब्दकोशांत आहे, किनाऱ्यावरच्या बोलीत आहे, आणि तरीही सुशिक्षित भाषांतरकाराच्या लेखणीतून तो सहसा उतरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

नाम म्हणून फॅदम आला, की प्रथम मोजणीचा हिशेब पक्का करावा. १ फॅदम म्हणजे ६ फूट, २ यार्ड किंवा १.८२८८ मीटर. वाचता वाचता अंदाज बांधायचा असेल तर आकडा दुप्पट करून त्यातून दहावा भाग वजा करावा. ४० फॅदमचे ८० होतात, ८ वजा केल्यावर ७२ मीटर उरतात; प्रत्यक्ष उत्तर ७३ मीटरांच्या किंचित वर आहे. मुंबई हाय तेलक्षेत्रातल्या पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर, म्हणजे साधारण ४१ फॅदम आहे, हे एकदा लक्षात ठेवले तर वृत्तान्तातला ‘चाळीस फॅदम’ केवढा असेल याचे चित्र मनात उभे राहते.

फॅदम हे खोलीचे आणि दोर, साखळी, जाळे यांच्या लांबीचे माप आहे. दोन जहाजांमधले अंतर किंवा डोलकाठीची उंची आज कोणी फॅदममध्ये सांगत नाही. समुद्रावरच्या आडव्या अंतरासाठी सागरी मैल आणि त्याचा दहावा भाग असलेली ‘केबल’ ही मापे आहेत. नांगराची साखळी ‘शॅकल’ या तुकड्यांत मोजतात आणि एक शॅकल १५ फॅदमचा, म्हणजे सुमारे २७.५ मीटरांचा असतो. तेव्हा ‘पाच शॅकल पाण्यात सोडले’ असे वाचले, तर ७५ फॅदम साखळी सोडली असे समजावे. पाणी तेवढे खोल आहे असे मुळीच समजू नये, कारण साखळी नेहमी खोलीच्या कित्येक पट सोडतात. कॉर्नवॉलच्या जुन्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींतही भुयारांची पातळी फॅदममध्ये सांगितली जाई. तिथे या शब्दामुळे समुद्र डोळ्यांपुढे आणू नये, इतके ध्यानात ठेवले की पुरे.

जहाजाखालचे पाणी किती आहे हे यंत्रे येण्यापूर्वी शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने पाहत. हाताने टाकायचे शिसे ७ ते १४ पौंडांचे, म्हणजे सुमारे ३ ते ६ किलोंचे असे. दोरीवर ठरावीक अंतरांवर खुणा असत : २ फॅदमवर चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ वर तीन पट्ट्या, ५ वर पांढरे कापड, ७ वर लाल, १० वर भोक पाडलेला चामड्याचा तुकडा. कापडाचा पोतही मुद्दाम वेगवेगळा ठेवत, कारण रात्रीच्या काळोखात रंग दिसत नाही आणि खलाशाला ती खूण बोटांनी, प्रसंगी ओठांनी चाचपून ओळखावी लागे. शिशाच्या बुडाला एक खळगा असे आणि त्यात चरबी भरत. दोरी वर ओढली, की चरबीला वाळू, शिंपल्यांचे तुकडे किंवा गाळ चिकटून आलेला असे, आणि खोलीबरोबर तळाची जातही कळे. नांगर धरेल की घसरेल हे त्यावरून ठरे.

खुणा असलेल्या आकड्यांना ‘मार्क’ आणि खुणा नसलेल्या मधल्या आकड्यांना ‘डीप’ म्हणत. म्हणून सागरी कथेत ‘बाय द मार्क सेव्हन’ अशी आरोळी आली तर ‘खुणेवर सात वाव’ आणि ‘बाय द डीप सिक्स’ आली तर ‘सहा वाव, खूण नाही, अंदाजाने’ असा तिचा अर्थ घ्यावा. ‘अ क्वार्टर लेस एट’ म्हणजे पावणेआठ, ‘अँड अ हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. मराठीत पाऊणकी, सव्वाकी, दिडकी तोंडपाठ करणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या असल्यामुळे या आरोळ्या आपल्याकडे इंग्रजीपेक्षाही सहज उतरतात : ‘पावणेआठ वाव पाणी!’ यापुढे आणखी काही लिहावे लागत नाही.

याच पद्धतीतून एक जगप्रसिद्ध नाव निघाले. मिसिसिपी नदीवर आगबोटींचा वाटाड्या म्हणून काम केलेल्या सॅम्युएल क्लेमेन्स यांनी ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव घेतले. ‘ट्वेन’ म्हणजे दोन. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दुसरी खूण, दोन फॅदम, बारा फूट पाणी. त्या नदीवरच्या आगबोटीला तेवढे पाणी सुखरूप जाण्यास पुरेसे होते.

या मोजणीला इंग्रजीत ‘साउंडिंग’ म्हणतात, आणि फॅदमच्या शेजारी बसणारा हा शब्द भाषांतरकाराला सर्वांत जास्त फसवतो. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही. तो फ्रेंचमधून आलेला, पाणी चाचपून पाहणे या अर्थाचा शब्द आहे. तपासायला आलेल्या एका मसुद्यात मी ‘कप्तानाने वीस फॅदमवर ध्वनी ऐकले’ असे वाक्य वाचले होते, आणि त्यामुळे पुढचे अख्खे पान निरर्थक झाले होते. मूळ अर्थ ‘कप्तानाने पाणी मोजले, ते वीस वाव भरले’ एवढाच होता. प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी यंत्रे विसाव्या शतकात आली आणि तेव्हापासून या कामात ध्वनी खरोखरच आला. पण शब्द त्याहून शेकडो वर्षांनी जुना आहे.

नौकानयनाचा नकाशा वाचायचा असेल तर अधिक सावध राहावे लागते. जुन्या ब्रिटिश नकाशांवर खोली फॅदम आणि फुटांत दिलेली असे. त्यांत मोठ्या आकड्याच्या पायाशी लहान आकडा असेल तर मोठा आकडा फॅदम आणि लहान आकडा फूट असे वाचायचे. मोठा ३ आणि पायाशी लहान २ असेल तर ३ फॅदम २ फूट, म्हणजे २० फूट, म्हणजेच सुमारे ६.१ मीटर. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश नकाशे मीटरमध्ये येऊ लागले. मीटरच्या नकाशावर तसाच लिहिलेला ३ आणि लहान २ म्हणजे ३.२ मीटर होतो. आकडे तेच, मांडणी तीच आणि पाणी मात्र निम्म्याच्या जवळ. मीटरचा नकाशा फॅदमचा समजून वाचणारा माणूस जहाज तळावर नेऊन आदळवील. म्हणून नकाशा हाती घेतला, की किनारा आणि दिवे पाहण्याआधी शीर्षकाजवळ ‘खोली फॅदममध्ये’ की ‘मीटरमध्ये’ हे वाचावे आणि नंतरच आकड्यांकडे वळावे. हे आकडे ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून धरलेले असतात, हेही विसरू नये. मुंबईसारख्या बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक चार मीटरांच्या वर जातो.

आता लिहिताना ‘फॅदम’, ‘वाव’ आणि ‘मीटर’ यांपैकी काय निवडावे? मी स्वतः मजकूर कोणाच्या तोंडचा आहे हे पाहून ठरवतो. कथेतला खलाशी बोलत असेल, शिडाच्या जहाजांचा काळ असेल, तर ‘वाव’ लिहावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी वाक्याच्या ओघातच ‘दोन्ही हात पसरून भरतो तेवढा’ किंवा ‘सहा फुटांचा’ असे सुचवून पुढे जावे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातल्या एरियलच्या गाण्यात बुडालेला बाप ‘फुल फॅदम फाइव्ह’ खोलीवर पडलेला आहे असे म्हटले आहे. तिथे ‘नऊ मीटर’ लिहिले तर गाण्याचा जीव जातो, ‘पुरते पाच वाव खाली’ म्हटले तर तो राहतो. जाता जाता, या ओळीत आकडा पाच असूनही फॅदम एकवचनी आहे, याचीही नोंद घ्यावी. जुन्या इंग्रजीत आणि खलाशांच्या बोलण्यात असे एकवचन चालते, आजच्या लेखनात ‘फाइव्ह फॅदम्स’ असे अनेकवचन करतात, आणि विशेषण म्हणून वापरताना मात्र ‘टेन-फॅदम लाइन’ असे एकवचनच ठेवतात. मराठीत ‘पाच वाव पाणी’ असे लिहिले की हा प्रश्नच उद्भवत नाही.

मजकूर शास्त्रीय असेल तर मूळ आकडा फॅदममध्ये देऊन मीटर सोबत द्यावेत. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम प्रशांत महासागरात, मेरियाना गर्तेच्या परिसरात, दोरी सोडून ४,४७५ फॅदम खोली नोंदवली. ती सुमारे ८,१८४ मीटर होते. ही नोंद नेमकी असल्यामुळे रूपांतरही नेमके द्यावे. पण मूळ लेखक ‘सुमारे वीस फॅदम’ म्हणत असेल, तर ‘३६.५८ मीटर’ लिहिणे म्हणजे त्याने न केलेली मोजणी त्याच्या तोंडी घालणे होय. तिथे ‘छत्तीस-सदतीस मीटर’ एवढेच योग्य आहे.

कायदा आणि मासेमारी यांविषयी लिहिताना दोन्ही शब्द हवेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ याखालच्या निर्बंधांत ट्रॉलरसाठी किनाऱ्यालगतची हद्द पाच ते दहा फॅदम अशा खोलीने सांगितलेली आढळते. हा नियम ज्याला पाळायचा आहे तो मच्छीमार वावातच विचार करतो. त्याला समजेल अशा भाषेत बातमी द्यायची, तर ‘दहा वावांच्या आत’ असे लिहावे आणि शहरातल्या वाचकासाठी ‘सुमारे अठरा मीटर खोलीच्या आत’ अशी जोड द्यावी.

‘वाव’ वापरताना एक अडचण येते, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. आजच्या वाचकाला हा शब्द ‘सुधारणेला वाव आहे’ अशा वाक्यांतूनच माहीत असतो. म्हणून ‘तिथे वीस वाव होता’ असे लिहू नये. ‘वीस वाव पाणी’, ‘वीस वाव खोल’, ‘वीस वाव दोरी’ असे, मापाची वस्तू शेजारी ठेवून लिहावे, म्हणजे घोटाळा होत नाही. गुजरातीतली पायऱ्यांची ‘वाव’ म्हणजे विहीर हा तर अगदी वेगळा शब्द आहे.

क्रियापदाचा प्रवास मिठीपासून सुरू होतो. आधी ‘कवेत घेणे’, मग ‘हात पसरून मोजणे’, मग ‘पाण्याचा तळ शोधणे’ आणि शेवटी ‘एखाद्या गोष्टीच्या तळाशी पोचून ती समजून घेणे’. मराठी माणसाला ही वाट अनोळखी वाटू नये. आपणही ‘बुद्धीच्या कवेत न येणारे’ असे म्हणतो. ‘थांग’ आणि ‘ठाव’ हे पाण्याच्या तळाचे शब्द आपण मनालाही लावतो. ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ या वाक्यात इंग्रजी ‘फॅदम’ क्रियापदाचे सगळे काम होऊन जाते. ‘अथांग’ म्हणजे ज्याचा थांग लागत नाही ते, आणि ‘अनफॅदमेबल’ या लांबलचक इंग्रजी विशेषणाला इतका नेमका जोडीदार दुसरा नाही.

वापराचे काही बारकावे मात्र इंग्रजीतूनच शिकावे लागतात. हे क्रियापद बहुतेक वेळा नकारात किंवा प्रश्नात येते : ‘आय कान्ट फॅदम व्हाय ही लेफ्ट’, म्हणजे ‘तो का निघून गेला, मला काही उमगत नाही’. ‘मला हा धडा फॅदम झाला’ अशा अर्थाने, साध्या समजण्यासाठी, ते वापरू नये. जिथे खोली आहे, अवघडपणा आहे, कोडे आहे, तिथेच ते शोभते. त्याच्यापुढे थेट कर्म येते किंवा ‘का’, ‘कसे’, ‘काय’ने सुरू होणारे उपवाक्य येते, मध्ये ‘अबाउट’ घालणे चूक आहे. ब्रिटिश बोलण्यात ‘फॅदम आउट’ असाही प्रयोग ऐकू येतो. त्यात खटपट करून उलगडा केल्याची छटा असते, म्हणून त्याला ‘छडा लावणे’ किंवा ‘उलगडणे’ हे शब्द बरे. नाम मात्र केवळ मापाचेच राहिले आहे. ‘माझा फॅदम’ म्हणजे ‘माझी समज’ असा अर्थ इंग्रजीत होत नाही.

मराठी पर्याय निवडताना वाक्याची पातळी पाहावी. घरगुती संवादात ‘कळेना’, ‘उमगेना’ पुरते. माणसाच्या स्वभावाविषयी असेल तर ‘थांग लागणे’ किंवा ‘ठाव घेणे’ उत्तम, पण या दोहोंतला फरक जपावा : थांग आपोआप लागतो किंवा लागत नाही, ठाव आपण होऊन घेतो. विश्व, काळ, मृत्यू यांसारख्या विषयांना ‘अथांग’ किंवा ‘अगाध’ लावता येईल. प्रशासकीय मजकुरात मात्र ‘आकलन होणे’ पुरे. तिथे अथांगपणा आणण्याची गरज नसते.

कधीकधी लेखक एकाच वाक्यात दोन्ही अर्थ खेळवतो. सरावासाठी मीच असे एक वाक्य रचून विद्यार्थ्यांना देतो : समुद्राचा तळ वीस फॅदमवर आहे हे बापाला मोजता आले, पण स्वतःच्या मुलाला त्याला ‘फॅदम’ करता आले नाही. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण ‘वीस फॅदम’ आणि ‘समजू शकला नाही’ असे लिहितात, आणि दोन अर्धांना जोडणारा धागा तुटतो. मराठीत तो धागा ‘ठाव’ या शब्दात आहे, मापात नाही. माप ‘वाव’ ठेवावे, आणि क्रियापद दोन्ही अर्धांत एकच धरावे : ‘वीस वावांवर बापाला समुद्राचा ठाव घेता आला, पोराच्या मनाचा मात्र घेता आला नाही.’